यादीतलं लाल नाव

१

आयली निस्काला गुरुवारी शिवणाला आली नाही, तेव्हाच डेल्फीन केम्पाच्या मनात पाल चुकचुकली.

सरोवराकाठच्या आल्डर हार्बर गावातल्या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी दहा ते दोन आठ बायका गोधड्या शिवायच्या. बाकीच्या सात जणींना गुडघेदुखी, नातवंडं, बर्फ अशी काही ना काही सबब असायची. आयलीला एकोणऐंशीव्या वर्षीही सबब माहीत नव्हती. साडेदहा वाजले तशी डेल्फीनने सुई खोचली, कोट चढवला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या आयलीच्या घराचं दार ठोठावलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

आयली खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर विणकाम, शेजारी गार झालेली कॉफी आणि निसूचा, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पावाचा, अर्धा तुकडा. गाल गुलाबी होते. डेल्फीनने चाळीस वर्षं विमा कंपनीसाठी जळलेली आणि गुदमरलेली घरं तपासली होती. मेलेल्या माणसाचे गाल गुलाबी का असतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने श्वास रोखून सगळ्या खिडक्या उघडल्या, बाहेर बर्फात येऊन फोन केला आणि मग पायरीवर बसून ढसाढसा रडली.

कारण संध्याकाळपर्यंत कळलं. घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीचा धूर ज्या धुराड्यातून बाहेर जायचा, ते पाकोळ्यांच्या घरट्याने बुजलं होतं. पाकोळ्या कधीच दक्षिणेला निघून गेल्या होत्या आणि घरटं तेवढं मागे राहिलं होतं. विषारी वायू घरातच कोंडला.

दर सप्टेंबरात ते धुराडं साफ करणारा माणूस गावाला माहीत होता. वाइनो लाहती. एकोणीस वर्षांत त्याचा एकही सप्टेंबर चुकला नव्हता. यंदा तो आला नव्हता.

अंत्यसंस्कारानंतरच्या कॉफीला आयलीचा मुलगा रँडल सगळ्यांसमोर उठून उभा राहिला. तो ॲरिझोनाच्या उन्हातून आला होता आणि तिथला पातळ कोट घालून कुडकुडत होता.

"एकोणीस वर्षं हा माणूस माझ्या आईच्या घरी आला," तो वाइनोकडे बोट दाखवून म्हणाला. "यंदा का नाही आला, विचारा त्याला! आता विचारा!"

वाइनोने कप खाली ठेवला. "विसरलो असेन," तो पुटपुटला आणि टोपी न घेताच बाहेर पडला.

२

त्यानंतर वाइनोने फोन उचलणंच सोडलं. नोव्हेंबर निम्मा सरलेला, गावात रोज कुणाची तरी भट्टी बंद पडत होती, आणि जिल्ह्यात धुराड्यावर चढणारा धड माणूस हा एकच. तो घरात सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडून होता.

"धंदा विकून टाकणार म्हणतो," त्याच्या ऑफिसातली लॉर्ना टेस्के डेल्फीनला म्हणाली. "काल त्याने शिड्या कुणालातरी देऊन टाकल्या. शिड्या गं, डेल! बायको गेली तेव्हासुद्धा त्याने शिडी सोडली नव्हती."

"तो खरंच विसरला का?"

"त्याने काय लक्षात ठेवायचं असतं? लक्षात ठेवायचं काम आता त्या मेलचं." लॉर्नाने नाक मुरडलं. "पूर्वी मी सप्टेंबरात एकेकाला फोन करायचे. तीन आठवडे घसा बसायचा, पण कुणाच्या सुनेला दिवस गेलेत हेसुद्धा मला ठाऊक असायचं. मग आले आमचे कोरी महाराज! जुन्या गिऱ्हाइकांना ईमेल पाठवायच्या, म्हणे. वर्षातून सहा वेळा. आता ज्यांच्याकडे ईमेल नाही, तेवढ्यांनाच माझा फोन जातो."

"आणि आयलीकडे ईमेल होती."

"मीच तर शिकवली तिला. सप्टेंबरात मेल गेली की तासाभरात तिचा फोन यायचा. 'लॉर्ना, मेल आली, वाइनोला पाठव.' दरवर्षी तेच वाक्य."

"मग यंदा मेल गेली का?"

लॉर्नाच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. चाळीस वर्षांत डेल्फीनने असे पुष्कळ कान पाहिले होते.

"लॉर्ना."

लॉर्नाने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. सहाशे बारा नावांची यादी. बहुतेक काळी, मधूनमधून लाल.

"लाल म्हणजे 'आम्हाला मेल पाठवू नका' असं ज्यांनी कळवलंय ते." तिचा आवाज बारीक झाला. "आयली लाल आहे, डेल. ऑक्टोबरात मला दिसलं. मला वाटलं, ईस्टरच्या कॉफीवरून आमचं वाजलं होतं, त्याचा राग धरून तिने नाव काढून घेतलं. म्हटलं, नको तर नको. आम्हीपण काही दारात उभं राहणार नाही. आणि मी फोन केला नाही."

३

कोरी डुफ्रेन हा पोरगेला माणूस ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत बसून जिल्ह्यातल्या निम्म्या धंद्यांच्या मेल पाठवायचा. दातांचा डॉक्टर, पन्हळी साफ करणारे, कुत्र्यांना आंघोळ घालणारी बाई, सगळ्यांच्या वतीने तोच "प्रिय मित्रा" लिहायचा. डेल्फीनला पाहून तो ताडकन उठला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"मी नाही काढलं तिचं नाव, मिसेस केम्पा. शपथेवर सांगतो. लॉर्ना गावभर सांगत असेल, पण मी नाही."

"तू न वाचणाऱ्यांची नावं गाळतोस, असं ऐकलंय."

"गाळतो. दोन वर्षं मेल उघडलीच नाही, तर गाळतो. पण आयलीबाई माझ्या सगळ्यात चांगल्या वाचक होत्या! आलेली एकेक मेल उघडायच्या. कित्येकदा तर दोनदोनदा." त्याने नोंद काढून दाखवली. "ही बघा शेवटची. जूनचा दुसरा गुरुवार. त्यात मी धुराड्यावर जाळी बसवण्याबद्दल लिहिलं होतं, पाकोळ्या घरटं करतात म्हणून." एवढं बोलून तो थांबला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

डेल्फीनने खुर्ची पुढे ओढली. "पुढे सांग."

"सकाळी आठ वीसला उघडली. मग पुन्हा दुपारी बारा तीनला. आणि बारा चारला मेलच्या तळाशी जी ओळ असते ना, 'यादीतून नाव काढा', ती दाबली. दुसरं कुणी नाही, मिसेस केम्पा. त्यांनी स्वतःच दाबली."

डेल्फीन जिना उतरत होती. तिच्या डोक्यात सवयीने हिशेब मांडला जात होता. धुराड्यात पाकोळ्या घरटं करतात हे आयलीने वाचलं होतं. वाचल्यावर तिने वाइनोचं येणं बंद केलं. आणि घरात वायूची सूचना देणारं जे यंत्र असतं, ते त्या दिवशी भिंतीवर नव्हतं. रिकामा खिळा डेल्फीनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की विमा कंपनीत ती अहवालाच्या शेवटी एकच शब्द लिहायची. अपघात हा तो शब्द नव्हता.

४

"काही सापडलं तर मला हवंय," रँडलने तिला किल्ली देताना सांगितलं. तो मोटेलात राहत होता, आईच्या घरात त्याला झोपवत नव्हतं. "तिचा लॅपटॉपही घेऊन जा. त्या माणसाविरुद्ध एक ओळ जरी मिळाली तरी मी त्याचा परवाना घालवल्याशिवाय राहणार नाही."

"आईचं आणि तुझं बोलणं व्हायचं का रे?"

"रविवारी. बहुतेक रविवारी." त्याने नजर वळवली. "कधीकधी."

डेल्फीन एकटीच आयलीच्या घरात शिरली. तिला पुरावा नको होता. पुरावा मिळू नये, एवढंच तिला वाटत होतं. शेजारी शेजारी बसून अकरा वर्षं आपण टाके घातले आणि या बाईला जगायचं नव्हतं हे आपल्याला कळलंच नाही, हा विचार तिला काही केल्या गिळवत नव्हता.

यंत्र स्वयंपाकघरातल्या खणात सापडलं. बॅटरी संपली की ही यंत्रं रात्रंदिवस टीक टीक करून जीव नको करतात. आयलीने ते काढून ठेवलं होतं आणि त्यावर तिच्या शिक्षिकेसारख्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली होती: 'वाइनो आला की बॅटरी बदलून घेणे.'

डेल्फीन खुर्चीत बसली आणि तिने ती चिठ्ठी पुन्हा वाचली. मरायला निघालेली बाई बॅटरी कशाला बदलून घेईल? आयली वाइनोची वाट पाहत होती. मेल येईल, मग आपण फोन करू, मग तो येईल. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, ती वाट पाहत राहिली. आपलं नाव लाल झालंय हे तिला माहीतच नव्हतं!

मग बारा चारला ती ओळ कुणी दाबली?

तेवढ्यात डेल्फीनच्या ध्यानात आलं, की ते इतका वेळ तिच्या नाकासमोर होतं. जूनचा दुसरा गुरुवार. गुरुवारी दहा ते दोन! ती तशीच चर्चमध्ये गेली आणि शिवणाच्या हजेरीची वही उघडली. त्या तारखेला आयलीची सही होती, आल्याची दहाला आणि गेल्याची दोनला. आयलीकडे मोबाइल नव्हता. लॅपटॉप घरातल्या टेबलावरून कधी हलला नव्हता.

दुपारी बारा वाजता आयली तळघरात डेल्फीनच्या समोर बसून निळा तुकडा जोडत होती, आणि तिची मेल दुसरंच कुणीतरी वाचत होतं.

५

"माझ्याकडे बघू नकोस," लॉर्ना म्हणाली. "तिचा पासवर्ड मला माहीत होता, खरंय. पण मी भांडते ती तोंडावर. असलं पाठीमागून नाही करत."

"माहीत आहे मला. बस खाली आणि कोरीला बोलाव."

कोरी आला तेव्हा डेल्फीनने आयलीचा लॅपटॉप उघडून ठेवला होता. तिने त्याला एकच प्रश्न विचारला. "ती मेल सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा एकाच यंत्रावर उघडली का?"

कोरीने बटणं दाबली. त्याचा चेहरा बदलला. "सकाळी लॅपटॉप. दुपारी... दुपारी फोन. हे मी पाहिलंच नव्हतं."

"आता माझ्याकडे आलेली वाइनोची मेल मी लॉर्नाला पुढे पाठवते. लॉर्ना, तुझ्या फोनवर ती उघड आणि खाली जाऊन 'यादीतून नाव काढा' ते दाब."

"माझं नाव जाईल की मग यादीतून!"

"दाब तर."

लॉर्नाने दाबलं. तिघंही पडद्याकडे बघत राहिले. लॉर्ना टेस्के काळीच राहिली. चार ओळी वर डेल्फीन केम्पा हे नाव लाल झालं.

"अगं बाई," लॉर्ना म्हणाली आणि तिने फोन टेबलावर उलटा ठेवून दिला.

"ती ओळ दाबणाऱ्याला ओळखत नाही," कोरी हळूच म्हणाला. "मूळ मेल ज्याला गेली, त्यालाच ओळखते. पुढे पाठवलेल्या मेलमध्येही ती ओळ जशीच्या तशी जाते. देवा रे. मी गिऱ्हाइकांना स्वतःच लिहायचो, 'आवडली तर मित्रांना पुढे पाठवा.'"

डेल्फीनने लॅपटॉपवरची पाठवलेल्या मेलची यादी त्यांच्यापुढे सरकवली. आयलीने वाइनोची एकेक मेल पुढे पाठवली होती. दातांच्या डॉक्टरची, ग्रंथालयाची, पन्हळीवाल्याचीसुद्धा. सगळ्या एकाच माणसाला. काय लिहावं ते तिला सुचत नसणार, म्हणून हाताला लागेल ते पाठवून वर दोन ओळी लिहायची. जूनच्या त्या गुरुवारी, सकाळी आठ एकतीसला, तिने लिहिलं होतं: 'रँडी, वाइनो म्हणतो पाकोळ्या धुराड्यात घरटं करतात. जाळी बसवून घेऊ का? तुला वेळ होईल तेव्हा सांग. आई.'

उत्तर आलेलं नव्हतं.

"म्हणजे त्याने..." लॉर्ना म्हणाली.

"कामात असेल. रोज एक जाहिरात येते, वैतागला असेल. आईच्या दोन ओळी न वाचता खाली गेला आणि दाबलं." डेल्फीनने लॅपटॉप मिटला. "त्याला वाटलं, आपल्या फोनमधला कचरा काढला."

६

डेल्फीनने वाइनोला सगळं त्याच्या सोफ्याशी बसून सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होता. तिचं बोलून झाल्यावर तो उठून बसला.

"त्याला सांगितलंस?"

"अजून नाही. उद्या सकाळी तो ऑफिसात येणार आहे. सांगावंच लागेल, वाइनो. तू निर्दोष आहेस."

"ऑक्टोबरभर मी तिच्या घरावरून गाडी नेली," वाइनो म्हणाला. "रोज. एकदा थांबून विचारता आलं असतं. मनात आलं, पोराने दुसरा कुणी बघितला असेल, उगाच लोचटपणा कशाला. कसला निर्दोष?"

दुसऱ्या दिवशी रँडल आला, तेव्हा वाइनो दाढी करून टेबलापाशी उभा होता. लॉर्ना खिडकीशी. डेल्फीनने रात्रभर एक वाक्य घोकलं होतं, पण रँडलने तिला बोलूच दिलं नाही.

"काल रात्री मी फोनमध्ये तिच्या मेल शोधत होतो," तो म्हणाला. "बहुतेक मी पुसून टाकलेल्या. चार राहिल्यात. तुमच्याच जाहिराती, वर तिच्या दोन ओळी. खाली एक ओळ असते, नाव काढायची. उन्हाळ्यात मी एकदा ती दाबली होती, असं आठवतंय." त्याने फोन पुढे धरला. "केम्पाबाई, ती दाबली की कुणाचं नाव जातं?"

डेल्फीनने तोंड उघडलं.

"दाबणाऱ्याचं," वाइनो म्हणाला.

रँडलने त्याच्याकडे पाहिलं.

"तुझं गेलं असतं, यादीत असतं तर. तुझ्या आईचं नाव माझ्याकडे होतं. यंदा काम फार होतं आणि मी ते पुढे ढकललं. मग राहूनच गेलं. चूक माझी आहे."

"हे खरं आहे?" रँडल डेल्फीनकडे वळला.

चाळीस वर्षांत डेल्फीन केम्पाने एकाही अहवालात खोटी ओळ लिहिली नव्हती. त्यासाठी तिची नोकरी दोनदा जाता जाता राहिली होती. तिने त्या पातळ कोटातल्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तिला आयलीचे डोळे दिसले.

"हो," ती म्हणाली.

मग रँडल वाइनोवर ओरडला. तोंडाला येईल ते बोलला. खुनी म्हणाला, आळशी म्हणाला, म्हातारीला एकटं मारलंस म्हणाला. वाइनो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी रँडल टेबलाला धरून लहान मुलासारखा रडला, तेव्हा वाइनोने त्याच्यासमोर खुर्ची सरकवली, पण तो बसला नाही.

"मी तक्रार लिहिणार आहे," जाताना तो म्हणाला.

"लिही," वाइनो म्हणाला.

दार लागलं. लॉर्ना उसळून वळली. "वेडा आहेस का तू? परवाना जाईल तुझा!"

"गेला तर जाईल. त्याला कुणावर तरी चिडायला हवंय, लॉर्ना. माझ्यावर चिडला तर वर्षा-दोन वर्षांत दमेल. स्वतःवर चिडला तर मरेपर्यंत सुटायचा नाही."

आपण बरोबर केलं की चूक, हे डेल्फीनला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

७

दुपारी कोरी धापा टाकत आला. त्याच्या हातात कागद होते.

"लाल नावं," तो म्हणाला. "सगळी काढली. त्रेचाळीस आहेत. त्यांतली एकोणीस अशी, की मेल उघडली एका यंत्रावर आणि नाव काढलं दुसऱ्यावरून. एकोणीस घरं, मिस्टर लाहती. कुणी मुलाला पाठवली असेल, कुणी बहिणीला. यंदा त्यांपैकी एकाचंही धुराडं साफ झालेलं नाही."

बाहेर सरोवरावरून बर्फ यायला लागला होता. गावातल्या प्रत्येक घराची भट्टी चालू असणार.

अकरा दिवस ज्याने फोनला हात लावला नव्हता, त्या वाइनोने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिला नंबर फिरवला. उर्हो पेल्टो, वय चौऱ्याऐंशी, गावाबाहेर एकटा राहणारा. घंटा वाजत राहिली. सहा, सात, आठ. लॉर्नाने डेल्फीनचा हात घट्ट धरला.

"हॅलो?" म्हातारा खाकरला.

"उर्हो, मी वाइनो. बरा आहेस ना रे?"

"डोकं दुखतंय दोन दिवस. बाकी बरा." तो पुन्हा खाकरला. "यंदा तुझी मेल नाही आली, वाइनो. मला वाटलं, काही चुकलं माझं. तू रागावलास की काय."

वाइनोने फोन छातीशी धरला, डोळे मिटले आणि पुन्हा कानाला लावला.

"नाही रागावलो. ऐक, आत्ताच्या आत्ता भट्टी बंद कर, खिडक्या उघड आणि कोट घालून बाहेर पायरीवर बस. मी निघालोच आहे."

"थंडी वाजेल रे."

"वाजू दे. मी येईपर्यंत वाजू दे."

त्याने फोन लॉर्नाच्या हातात दिला आणि शिडी मागून आणायला कोरीला पिटाळलं. लॉर्नाने डोळे पुसले, यादीवर बोट ठेवलं आणि दुसरा नंबर फिरवला.